कर्नाटक जोडगायन: दोघींत सरस कोण हे ठरवण्याआधी काय ऐकावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बरीच वर्षं हिंदुस्तानी संगीत ऐकता. माटुंग्याला दोन बहिणींची कर्नाटक गायनाची मैफल पहिल्यांदाच ऐकलीत. मुख्य रचना खरहरप्रिया रागातली ‘पक्कल निलबडि’ होती. सुरुवातीला दोघी बराच वेळ एकच ओळ एकत्र म्हणत होत्या, तेव्हा तुम्हाला ते समूहगान वाटलं. पुढे आलटूनपालटून गाऊ लागल्या, तेव्हा जुगलबंदी वाटली. बाहेर आल्यावर मित्रांमध्ये वाद झाला. बहुतेकांच्या मते धाकटी सरस होती. तुम्हाला थोरली जास्त भावली, पण का ते सांगता येईना. पुढच्या महिन्यात अशाच एका जोडीला ऐकायला जाणार आहात, तर काय ऐकावं आणि नंतर त्यावर कसं बोलावं, असं विचारलंय.

मी कर्नाटक पद्धतीने व्हायोलिन वाजवते आणि जोडगायनाला साथ करणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. साथीदार म्हणून गायकांच्या शेजारी बसून जे ऐकू येतं, त्यावरून उत्तर देते. तुम्ही ऐकलेल्या मैफलीला मी नव्हते, म्हणून त्या दोघींबद्दल निवाडा देणार नाही. पण तुमचा वाद कशामुळे झाला असेल याचा मला चांगला अंदाज आहे.

मला वाटतं, अडचण अशी आहे की एकट्या गायकाला लावायची मापं तुम्ही सगळ्यांनी जोडीला लावलीत. आवाज कुणाचा मोकळा, वरचा षड्ज कुणाचा टिकला, द्रुत कुणाचं स्वच्छ, हे सगळं विचारण्यासारखंच आहे. मात्र जोडगायनातलं बरंचसं गाणं दोघींच्या मधल्या जागेत घडतं, आणि एकेकीला वेगळं काढून गुण दिले की नेमकं तेच हातातून निसटतं.

एकत्र गाण्यापासून सुरू करू, कारण तिथेच तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. हिंदुस्तानी मैफलीत बंदिश सहसा दोन-चार ओळींची असते आणि तिच्याभोवती गायक राग उभा करतो. कर्नाटक कृती ही त्यामानाने मोठी आणि घट्ट बांधलेली वास्तू. पल्लवी, अनुपल्लवी, चरणम् असे तिचे भाग असतात. थोर रचनाकार त्यागराज यांच्या कृतींमध्ये तर एकच ओळ पायरीपायरीने अधिक नक्षीदार होत जाते. या पायऱ्यांना संगती म्हणतात. त्या मैफलीत सुचत नाहीत, गुरूकडून शिकाव्या लागतात. कुठल्या संगती, किती, कुठल्या क्रमाने, हे प्रत्येक शिष्यपरंपरेत थोडं वेगळं असतं. या शिकून आलेल्या रूपाला आमच्याकडे पाठांतर म्हणतात. त्यामुळे दोघी एकत्र कृती गातात तेव्हा त्यांचं पाठांतर शेवटच्या मुरकीपर्यंत एक आहे का, याची परीक्षा चाललेली असते. त्याला प्रास्ताविक समजून सोडून देऊ नका.

आणि ही परीक्षा फार अवघड असते, ती गमकांमुळे. खरहरप्रियेचे स्वर आपल्या काफी थाटाचेच आहेत, गांधार-निषाद कोमल आणि बाकी शुद्ध. पण काफी ऐकणाऱ्या कानाला तो गांधार ओळखीचा वाटत नाही, कारण तो एका जागी उभा राहत नाही, शेजारच्या स्वरांना शिवत हेलकावत राहतो. आता असा स्वर दोन गळ्यांनी एकाच वेळी लावायचा म्हटल्यावर किती गोष्टी जुळाव्या लागतात पाहा: हेलकावा कधी सुरू होतो, किती रुंद जातो, किती वेगाने परततो, कुठे थांबतो. एकाच झोपाळ्याला दोघींनी मिळून झोका द्यावा तसं ते आहे. क्षणभर कुणी मागेपुढे झालं की लय तुटते. सरळ, स्थिर स्वर दोघींनी मिळून लावणं त्यामानाने सोपं. जोडीचा गांधार एकाच गळ्यातून आल्यासारखा वाटला, तर त्यामागे कित्येक वर्षांचा एकत्र रियाज असतो. तो धुरकट, कडा पुसल्यासारखा वाटला, तर दोघी उत्तम गात असूनही जोडी अजून जमलेली नाही असं मी म्हणेन.

म्हणूनच या क्षेत्रात जोड्या बहुधा घरातच तयार होतात. सख्ख्या बहिणी किंवा भाऊ, किंवा निदान एकाच गुरूच्या घरी वाढलेली माणसं. आलत्तूर बंधू म्हणून गाजलेली जोडी रक्ताच्या नात्याने भाऊ नव्हती. शिवसुब्रमण्य अय्यर हे गुरू वेंकटेश अय्यरांचे पुत्र आणि श्रीनिवास अय्यर त्यांचे शिष्य. तालीम एक, म्हणून लोकांनी त्यांना बंधू म्हटलं आणि ते नाव त्यांना शोभलं. आपल्या मुंबईचा या परंपरेशी जवळचा संबंध आहे. बॉम्बे सिस्टर्स, म्हणजे सी. सरोजा आणि सी. ललिता, मूळच्या त्रिचूरच्या, पण मुंबईत वाढल्या. 2023 मध्ये ललिता गेल्या, तोवर ही दोन नावं एका दमात घेतली जात. रंजनी आणि गायत्री या बहिणीही मुंबईच्याच. त्या आधी व्हायोलिनच्या जोडीने नावारूपाला आल्या आणि नंतर गायनाकडे वळल्या. दुसऱ्याच्या गाण्याच्या मागे सावलीसारखं जायची जी सवय व्हायोलिनवर लागते, ती जोडीने गाताना फार उपयोगी पडते असं मला नेहमी वाटतं.

एकत्र गाताना आणखी एक गोष्ट ऐका. दोघी पूर्ण वेळ सारख्या जोराने गात नाहीत. एकीचा श्वास संपतो तिथे दुसरी ओळ धरून ठेवते. तारसप्तकात जिचा आवाज मोकळा आहे ती पुढे होते आणि दुसरी अर्ध्या आवाजात आधार देते. खाली मंद्रात उलट होतं. चांगल्या जोडीत हे इतकं सहज होतं की सभागृहात कळतही नाही. मला मात्र कळतं, कारण कुणाच्या मागे जायचं हे मला त्या क्षणी ठरवायचं असतं.

आता आलापना. जोडीत राग मांडायच्या दोन रीती नेहमी दिसतात. एक म्हणजे एका कृतीआधीचा राग एकीने पूर्ण गायचा, पुढच्या कृतीआधीचा दुसरीने. दुसरी रीत म्हणजे एकच राग वाटून घ्यायचा. थोरली मंद्र-मध्य भागात राग उभा करते, समजा पंचमापर्यंत आणते आणि थांबते, मग धाकटी तिथून वर नेते. तुमच्या वर्णनावरून त्या दिवशी खरहरप्रिया असाच वाटून घेतलेला दिसतो.

या दुसऱ्या रीतीत ऐकण्यासारखी जागा म्हणजे सांधा. पहिली कुठल्या स्वरावर थांबली? थांबताना तिने सगळं बोलून टाकलं, की पुढचीला काही शिल्लक ठेवलं? आणि दुसरीने सुरुवात कुठून केली? पहिलीच्या शेवटच्या वाक्याला धरून, की मनात आधीच ठरवून आणलेलं गाणं तिने आता उघडलं? कमकुवत जोडीत दुसरी गायिका पुन्हा षड्जापासून सुरू करून तोच परिसर फिरून येते. ऐकणाऱ्याला वाटतं राग मोठा झाला, पण तो फक्त दोनदा झालेला असतो. चांगल्या जोडीत पहिलीने दोनदा हळूच स्पर्श करून सोडलेला एखादा धैवत दुसरी उचलते आणि त्यावर मुक्काम करते. असं झालं की मला व्हायोलिन खाली ठेवून नुसतं ऐकावंसं वाटतं, पण लगेच उत्तर द्यायचं असल्यामुळे तसं करता येत नाही.

तुमच्या वादाचं उत्तर इथेच आहे, असं माझं मत आहे. राग खालून वर जातो. जी खालचा अर्धा भाग गाते तिच्या वाट्याला पाया येतो: संथ वाक्यं, लांब थांबे, रागाची ओळख. जी वरचा अर्धा भाग गाते तिच्या वाट्याला तारषड्ज येतो, द्रुत फिरत येते आणि शेवट येतो. टाळ्या शेवटाला पडतात. ही विभागणी बऱ्याच जोड्यांमध्ये वर्षानुवर्षं ठरलेली असते. तेव्हा तुमच्या मित्रांना धाकटी सरस वाटली, त्यात तिच्या गुणांचा वाटा असेलच, पण तिच्या जागेचाही मोठा वाटा असणार. आणि तुम्हाला थोरली आवडली, ते रागाची ओळख तिने करून दिली म्हणून असू शकतं. हिंदुस्तानी विलंबित ऐकून तयार झालेला कान तिकडे वळणं स्वाभाविक आहे.

कृतीनंतरचा निरवल हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून इथे जरा थांबते. चरणातली एक ओळ घ्यायची, तिचे शब्द तालात साधारण आपापल्या जागी ठेवायचे आणि चाल मात्र दर आवर्तनाला नवी करायची. ‘पक्कल निलबडि’मध्ये बहुतेक जण ‘मनसुन दलचि’ ही ओळ घेतात. कृतीचा आशय असा: रामाच्या दोन बाजूंना उभे राहून सेवा करणाऱ्या सीता आणि लक्ष्मणाला त्यागराज विचारतात, या सेवेतली गोडी काय आहे ते मला नीट सांगणार नाही का? देहाने वंदन करत असता का, प्रेमाने नामकीर्तन करत असता का, की मनात त्याचं चिंतन करता करता स्वतःला विसरून गेलेले असता? निरवलाची ओळ ही तिसरी, भान हरपण्याची. कृती मिश्र चापु तालात आहे, म्हणजे सात मात्रा, तीन अधिक चार. त्या चालत्या, किंचित झुकत्या लयीत ही ओळ दोघींनी आळीपाळीने घ्यायची असते.

इथे शब्द ऐका, भाषा तेलुगू असली तरी. एकीने ‘मनसुन’वर (मनात) मुक्काम केला, तर दुसरी ‘मै मरचि’कडे (भान हरपून) जाते का? दोघींचा आवाज हळूहळू चढत जातो, की प्रत्येक जण आपल्या पाळीला पुन्हा तळापासून सुरू करते? ओळीतला भाव स्वतःला विसरण्याचा आहे. अशा ओळीवर दोन गायिका चढाओढ करू लागल्या तर माझ्या दृष्टीने गाणं तिथेच हरलं, मग तयारी कितीही असो. हे माझं ठाम मत आहे. माझ्याच क्षेत्रातल्या काही जणांना ते मान्य नाही, हेही सांगून ठेवते. ते म्हणतात, ईर्षेशिवाय कचेरीला, म्हणजे मैफलीला, रंग चढत नाही.

मग येतात कल्पनास्वर. आपल्या सरगमसारखेच, पण प्रत्येक फेरी संपताना त्या ठरलेल्या ओळीवर परत यायचं, आणि ती ओळ तालात जिथे उठते नेमकं तिथेच. ती जागा बऱ्याचदा समेवर नसते. मागेपुढे असते, म्हणून परत येणं हे कौशल्याचं काम. आधी संथ, मग दुप्पट लयीत, मग फेऱ्या छोट्या छोट्या होत जातात आणि शेवटी कोर्वै नावाची मोठी, गणिताने बांधलेली आकृती येते. आपल्या तिहाईची ती थोरली नातेवाईक. दोघी ती बहुधा एकत्र म्हणतात. ती घरी बांधून आणलेली असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण मैफलीनंतर लोक ‘शेवटी काय सुचलं हो त्यांना’ म्हणून जी गोष्ट सांगतात ती नेमकी हीच असते. सुचलेलं ऐकायचं असेल तर आधीच्या छोट्या फेऱ्या ऐका. एकीने एका स्वरावर फेरी संपवली आणि दुसरीने तोच स्वर पकडून पुढची सुरू केली, असं दोन-तीनदा सलग झालं की समजा दोघी खरोखर एकमेकींना ऐकताहेत.

म्हणजे आतापर्यंत तीन जागा झाल्या: एकत्र गातानाचा गमक, आलापनेतला सांधा, आणि निरवल-स्वरांमधली देवाणघेवाण.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच काही आहे, ते लक्षात घेतल्याशिवाय मत बनवू नका. पहिलं म्हणजे ध्वनिव्यवस्था. दोन गळ्यांचे दोन माइक असतात, आणि एकाची पातळी जराशी जास्त असली की सभागृहासाठी तीच गायिका मुख्य होते. डावीउजवीकडे अगदी कडेला बसलात तर हा असमतोल आणखी वाढतो. मधल्या रांगांत, मध्यभागी बसा. दुसरं, श्रुती. पाच कट्टै, म्हणजे आपली पांढरी पाच, ही बायकांच्या आवाजाला नेहमीची पट्टी. पण दोघींना ती सारखीच सोयीची असेल असं नाही. एकीला मंद्रात त्रास होत असेल तर तो पट्टीच्या तडजोडीचा परिणाम असू शकतो. स्त्री-पुरुष जोडीत ही तडजोड फार मोठी होते. तिसरं, वेळ. दोन-अडीच तासांत मनोधर्माचा, म्हणजे आयत्या वेळी सुचलेल्या गाण्याचा, वेळ दोघींत विभागला जातो, आणि त्यातून व्हायोलिनला उत्तर द्यायचं असतं. चेन्नईच्या मार्गळी (डिसेंबर-जानेवारीतल्या) हंगामात एका सभेत, म्हणजे संगीतसंस्थेत, लागोपाठ कचेऱ्या असतात, तिथे घड्याळ आणखी कडक. तेच कलाकार मुंबईत ऐकले की जास्त मोकळे वाटतात, त्याचं एक कारण हे.

व्हायोलिनचा विषय निघालाच आहे तर सांगते. गायकांच्या डाव्या हाताला व्हायोलिन आणि उजव्या हाताला मृदंगम् ही रूढ बैठक. त्यामुळे जोडीतली एक गायिका माझ्या अगदी जवळ असते, आणि दुसरीचा आवाज मुख्यतः मॉनिटरमधून येतो. मी तिच्या हाताकडे पाहून तालाची जागा धरते. दोघींची वाक्यं घ्यायची पद्धत वेगळी असते, तर व्हायोलिननेही दोन वेगळ्या आवाजांत उत्तर द्यायला हवं. मृदंगम्‌चंही तसंच. एकीला भरगच्च वादन मानवतं, दुसरीला मोकळी जागा लागते. पुढच्या वेळी मृदंगम्‌ची साथ दोघींच्या पाळीत बदलते का, इकडे थोडं लक्ष द्या. आणि तनि आवर्तनम् सुरू झालं की कृपया जागेवर बसा. कॉफीसाठी उठणारे पुष्कळ असतात, पण संपूर्ण मैफलभर साथ केलेल्या तालवादकांच्या वाट्याला आलेली ती एवढीच स्वतंत्र वेळ असते.

शेवटच्या टप्प्यात अभंग आला असेल तर तुमच्या सगळ्या मंडळींना तो आवडला असणार. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात मराठी कीर्तन दक्षिणेत रुजलं, तिथल्या हरिकथेने साकी, दिंडी, ओवी, अभंग आपलेसे केले, आणि आज कर्नाटक कचेरीच्या शेवटी विठ्ठल ऐकताना तमिळ श्रोतेही टाळ्यांचा ठेका धरतात. मला त्याचा मनापासून आनंद होतो. फक्त त्या दहा मिनिटांवरून जोडीचं मोजमाप करू नका. आपली भाषा कानावर पडली की आपण उदार होतो.

आता बोलायचं कसं. रागनामं आणि तालाची गणितं यायलाच हवीत असं नाही. नेमका क्षण पकडून बोलायला हवं. ‘थोरली छान गायली’ यावर समोरचा फक्त ‘धाकटी जास्त छान’ एवढंच म्हणू शकतो. पण तुम्ही म्हणालात, ‘थोरली पंचमावर थांबली तेव्हा मला पुढचं ऐकायची ओढ लागली, आणि धाकटीने ती जागा सोडून एकदम वर झेप घेतली’, तर तुमचा मित्र सांगू शकेल की त्याला ती झेप का आवडली. मग बोलणं गाण्याबद्दल होतं. हिंदुस्तानी रागांशी तुलना जरूर करा, मात्र सांभाळून. हिंदोळम् ऐकून मालकंस आठवणं योग्यच. पण कर्नाटक तोडीचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे आहेत, त्यामुळे तिथे आपली तोडी शोधत बसलात तर पूर्ण आलापना हातातून जाईल.

शेजारी मांडीवर ताल धरून बसलेले कुणी जुने रसिक असतील, तर मध्यंतरात किंवा नंतर त्यांना बिनधास्त विचारा, ओळ कुठून उठत होती? माटुंगा-चेंबूरच्या सभांमधले श्रोते हे फार आनंदाने सांगतात आणि हातावर मोजून दाखवतात.

जायच्या आधी एवढं करा: ‘पक्कल निलबडि’ किंवा तुम्हाला आवडलेली कुठलीही एक कृती एका एकल गायकाकडून आणि मग दोन वेगवेगळ्या जोड्यांकडून ऐका. आधी फक्त पल्लवी, चार-पाच वेळा. संगती कुठे वेगळ्या पडतात ते आपोआप कळू लागेल. मग मिश्र चापुच्या सात मात्रा हाताने धरून तेच पुन्हा ऐका.

मैफलीनंतर कलाकारांना भेटायची संधी मिळाली, तर तुमच्यात अमुक एक मला जास्त आवडली, असं त्यांच्यासमोर म्हणू नका. आयुष्यभर एकत्र गाणाऱ्या माणसांना ते बोचतं. निरवलासाठी ती ओळ कुणी निवडली, असं विचारा. कदाचित दोघी एकमेकींकडे पाहतील आणि मग कुणीतरी सविस्तर सांगेल.